इस्लाह हवी, इस्त्री नको

"लेखन का कुठे शिकवून येते?" असे आपल्याच मंडळींत मोठ्या तोऱ्यात विचारले जाते. मुन्शी हरगोपाल तफ्ता आपली शायरी गालिबकडे टपालाने पाठवत आणि गालिब चुका दाखवून ती परत धाडत, हे विचारणारे विसरतात. तरुण इक्बालने हैदराबादेत दाग देहलवींकडे गझला दुरुस्तीला पाठवल्या. थोड्याच काळात दागनी कळवले, आता इस्लाहची फारशी गरज उरली नाही. उस्ताद करण्यात इक्बालला कमीपणा वाटला नाही आणि शागिर्दाला मोकळे करताना दागना जड गेले नाही. आज पैसे घेऊन लेखन शिकवणाऱ्यांपैकी किती जण असे पत्र लिहितील?

आम्ही मसुऱ्याचे. उर्दू माध्यमात शिकवतो, घरात मालवणी वळणाचे बोलतो आणि लिहितो मराठीत. उर्दूत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आमच्या लेखणीतून 'झाड मोठा होता' सहज उतरते. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नका. इथे शिकवणारा हवाच. त्याची लाज कसली? पण म्हणून सगळी वहीच त्याच्या हवाली करायची?

आम्ही ती चूक केली. पहिली कथा एका जाणकारांकडे फी देऊन पाठवली. परत आली तेव्हा लिंग-वचन सुधारले होते, त्याबद्दल शुक्रिया. पण 'अब्बा'चे 'बाबा' झाले होते, 'मय्यत'ची 'अंत्ययात्रा'. मांगराची झोपडी झाली आणि रापणीचे नुसते जाळे. अहो, रापण म्हणजे ते ओढणारी माणसे आणि त्यांची वाटणीसुद्धा! कथेतले भांडण त्या वाटणीवरूनच होते. कथा छापून आली. आम्ही अम्मीला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "ही कुणाच्या घरची गोष्ट?"

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपले जगणे मराठीत यावे म्हणून एवढी खटपट झाली. त्यानंतरही आपणच पैसे मोजून आपले शब्द पुसून घेत असू, तर दोष फक्त पुसणाऱ्याचा नाही. "छापले जाईल ना?" एवढेच विचारून आपण गप्प बसतो.

उस्ताद करावा तो लिहून झाल्यावर. कोरा कागद घेऊन जाणाऱ्याला तो काय देणार? स्वतःच्या दोन-तीन खर्ड्यांनंतर, घरात मोठ्याने वाचून झाल्यावर, नेमके कुठे अडते ते कळले की मग जावे. आधी एकच पान द्यावे. त्याने समासात खूण करून कारण लिहिले, तर पुढचे पान. स्वतःच नवे वाक्य लिहून दिले, तर सलाम करून परत यावे. 'मांगर म्हणजे काय?' असे विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नये, मग त्याचे नाव मोठे नसले तरी चालेल.

आणि फी आधी ठरवावी. गवंड्याला आपण मजुरी देतो, पण दोनशे पाने तपासणाऱ्याला चहा-बिस्किटावर वाटेला लावतो आणि वर म्हणतो, "इल्मची किंमत कशी करायची?" ही तर उघड फसवणूक.

आमची मूळ वही अजून कपाटात आहे. येत्या उन्हाळी सुट्टीत ती पुन्हा उतरवून काढणार आहोत आणि पुन्हा कुणाला तरी दाखवणार आहोत. आधी एकच पान.