सात ऑक्टोबरची पहाट

आज सात ऑक्टोबर. शेतात सोयाबीन निघतंय आणि लिहिणाऱ्यांच्या घरी प्रुफांची धावाधाव चाललीय. पुस्तक दिवाळीआधी आलं पाहिजे, निदान संमेलनात तरी! २०२३च्या फेब्रुवारीत शहाण्णवावं साहित्य संमेलन वर्ध्यातच झालं. तिथे एका लेखकाच्या खोक्यातून नुकत्याच निघालेल्या प्रती आम्ही हाताळल्या होत्या. बांधणीचा डिंक ओला होता आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक आतल्या पानांशी जुळत नव्हते. तारीख मात्र गाठली होती.

याच वर्ध्यात १९३० साली आजच्याच दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून विनोबांनी मराठीतली गीता, म्हणजे ‘गीताई’, लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ला हातावेगळी केली. १२३ दिवस, ७०० श्लोक. दिवसाला पुरते सहाही नाहीत. पण हिशेब तिथून सुरू होत नाही. बडोद्याला असताना आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही जड गेली. मग तूच का लिहीत नाहीस, असं त्या म्हणाल्या. १९१८ साली त्या गेल्या. ज्या वाचकाने पुस्तक मागितलं, तो गेल्यावर बारा वर्षांनी लेखक कामाला बसला.

लिहून झाल्यावरही घाई नव्हती. आश्रमातल्या मुलींना ते श्लोक शिकवले आणि त्या अडखळल्या तिथे शब्द बदलले. हा टप्पा आजच्या किती लेखकांच्या वहीत असतो? १९३२ साली पुस्तक छापून आलं तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते, म्हणजे प्रकाशन समारंभाचा प्रश्नच मिटला. तिथे २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर ते बोलत गेले. १९ जूनला अठरावा झाला. एकही रविवार चुकला नाही. साने गुरुजी लिहून घेत होते, त्यातून ‘गीता प्रवचने’ आली. तुरुंगात वेळच वेळ, असं कुणी म्हणेल. वेळ सगळ्याच कैद्यांना होता.

लेखकाने वेळापत्रक आखूच नये, असं आम्ही म्हणत नाही. विनोबांनीही पहाट ठरवली होती, रविवार ठरवला होता. त्यांनी दिवस बांधले ते कामाला. आपण बांधतो ते प्रकाशनाला, आणि मग काम त्यात कोंबतो.

वर्ध्यातल्याच गोपुरीच्या गीताई मंदिरात १९८०पासून हे श्लोक दगडांवर कोरलेले आहेत. त्या मुली नेमक्या कुठे अडखळल्या होत्या, हे त्यावरून बोट फिरवून आता सापडत नाही.