भांडणे टिपणाऱ्यांस

कथालेखनाच्या कार्यशाळांतून एक सल्ला हमखास दिला जातो: वही घेऊन बाहेर पडा, मंडईत उभे राहा, एसटी स्टँडवर बसा आणि ताणाचे क्षण टिपा. या सल्ल्यातून निपजलेल्या कथा आम्ही वर्गात आणि स्पर्धांच्या गठ्ठ्यांत वर्षानुवर्षे वाचत आहोत. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टर ओरडतो, नळावर बायका भांडतात. लेखक मात्र कुठेच नसतो.

भांडण म्हणजे ताण, हा समजच मुळात चुकीचा आहे. भांडणात ताण फुटून मोकळा झालेला असतो. तो असतो त्याआधीच्या, कुणीच काही न बोललेल्या अर्ध्या मिनिटात. वहीवाल्याला ते दिसत नाही, कारण तिथे टिपण्याजोगे काही घडतच नसते.

इथे तेंडुलकरांचा दाखला आमच्या तोंडावर फेकला जातो. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींचे बोलणे त्यांच्या कानी पडले आणि त्यातून रंगभूमीवर १९६७ मध्ये आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सुचले, हे खरेच. पण बेणारेबाईंवर उलटत जाणारा तो खेळ काही त्या बोलण्यावरून उतरवून घेतलेला नव्हता. कान सर्वांनाच असतात.

त्यापेक्षा बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) पुन्हा वाचावी. रेल्वेतली नोकरी, परके गाव आणि खोली शोधणारा तरुण. आपण कोण, एवढा साधा, रोजचा, सभ्य प्रश्न! त्याच्या उत्तरावर माणसाचा जीव टांगलेला आहे. हा निवेदक कडेला उभा राहून पाहत नाही.

सर्वांच्याच वाट्याला असे जगणे येत नाही, असे कुणी म्हणेल. मान्य. पण कडेला उभे राहण्याची सवलत आम्हा सुखवस्तू मंडळींना तरी कुणी दिली? आमच्यापैकी एकाच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कान तुटलेला कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. एका पाहुण्याने पाणी प्यायला चुकून तोच उचलला. कुणी काही बोलले नाही. घरातून लगबगीने, हसत, काचेचा पेला पुढे झाला. बाई तिथेच भांडी घासत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

आमच्या या मित्राच्या वहीत त्या तारखेला मंडईतले एक भांडण लिहिलेले आहे.