कातडीचा रंग आणि मालकीचा हक्क

२०१५ साली ‘फँटॅस्टिक फोर’ हा चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच अमेरिकेत वादळ उठले. १९६१ साली स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी निर्माण केलेल्या या चित्रकथेतील जॉनी स्टॉर्म हा सोनेरी केसांचा गोरा तरुण. चित्रपटात ती भूमिका मायकेल बी. जॉर्डन या कृष्णवर्णीय नटाकडे आली. अंगाच्या ज्वाळा करून आकाशात झेप घेणारा मनुष्य ज्यांना कधी खटकला नाही, त्यांना तोच मनुष्य काळा असणे मात्र अशक्य कोटीतले वाटले! त्याआधी २०११ साली ‘थॉर’मध्ये इद्रिस एल्बा यांनी एका नॉर्स देवतेची भूमिका केली, तेव्हाही एका गौरवर्णवादी संघटनेने बहिष्काराची हाक दिली होती.

आक्षेपकांचा युक्तिवाद वरकरणी साळसूद आहे. मूळ कृतीशी इमान राखावे, एवढेच आपले म्हणणे, असे ते सांगतात. परंतु २०१६ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये मूळच्या तिबेटी गुरूची भूमिका टिल्डा स्विंटन या गोऱ्या अभिनेत्रीस देण्यात आली, तेव्हा निषेधाचा आवाज उठविला तो प्रामुख्याने आशियाई वंशाच्या अमेरिकन कलावंतांनी. मूळ कृतीच्या पहारेकऱ्यांची फौज त्यांच्या मदतीस धावली नाही. जे इमान एकाच दिशेने जागे होते, त्याला इमान म्हणत नाहीत.

शिवाय हे ‘मूळ’ घडले कोणत्या काळात? सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वर्णविभक्ततेचे कायदे लागू होते. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण देणारा कायदा यावयास १९६५ साल उजाडावे लागले. १९५६ साली ई. सी. कॉमिक्स या प्रकाशनाने ‘जजमेंट डे’ ही कथा पुन्हा छापावयास घेतली. रंगावरून भेदभाव करणाऱ्या यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करून परतणारा अंतराळवीर शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण उतरवितो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते, हा त्या कथेचा गाभा. चित्रकथांसाठी केलेल्या आचारसंहितेच्या अधिकाऱ्याने त्याचा वर्ण बदलण्याचा आग्रह धरला. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी तो धुडकावून कथा जशीच्या तशी छापली. पात्राचा रंग बदलण्याचा हुकूम कोणी कोणास सोडला होता, हे यावरून स्पष्ट व्हावे. नायकांचे गोरेपण ही कलेची गरज नव्हती. तो सत्तेचा रिवाज होता.

येथवर पुरोगामी वाचक संतोषाने मान डोलावील. परंतु त्याचा संतोषही तपासून पाहण्याजोगा आहे. कृष्णवर्णीय नटाला भूमिका मिळाली की न्याय झाला, असे मानण्याची एक सोयीस्कर सवय डाव्या वर्तुळातही रुजू लागली आहे. तिला एक दाखला पुरेसा आहे. २०११ साली मार्व्हल कंपनीने चित्रकथेत माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन वंशाचा नवा स्पायडरमॅन आणला आणि स्वागत पदरात पाडून घेतले. त्याच वर्षी सोनी कंपनीशी केलेल्या चित्रपटविषयक करारात मात्र पीटर पार्कर हा गौरवर्णीयच असला पाहिजे, अशी अट होती. हा करार २०१५ साली उघडकीस आला. एकाच कंपनीने एकाच वर्षी रंग बदलला आणि रंग न बदलण्याचे कलमही लिहून घेतले. भांडवलाला वर्णाचा द्वेष नसतो, तसा वर्णाचा कळवळाही नसतो; त्याला फक्त बाजाराचा अदमास असतो.

खरा प्रश्न मालकीचा आहे. गोरा जॉनी स्टॉर्म आणि १९६६ साली अवतरलेला कृष्णवर्णीय ब्लॅक पँथर, दोघेही ली व कर्बी या जोडीचेच. कर्बी यांनी ही चित्रे पानामागे ठरलेल्या दराने काढली. १९९४ साली ते वारले. पुढे वारसांनी हक्क मागितला तेव्हा न्यायालयांनी ते काम कंपनीसाठी केलेली मजुरी ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना २०१४ साली तडजोड झाली. दरम्यान २००९ साली डिस्नेने मार्व्हल सुमारे ४०० कोटी डॉलरना विकत घेतली होती, आणि २०१८ च्या एकट्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला. १९९८ च्या कायद्याने कंपन्यांच्या अशा कृतींवरील हक्काची मुदत ९५ वर्षांपर्यंत लांबविली. म्हणजे १९६१ ची पात्रे २०५६ अखेरपर्यंत कंपनीच्या पेटीत बंद! जुन्या नावावर नवा रंग चढविणे तिला परवडते, कारण त्यात नव्या निर्मात्याला वाटा द्यावा लागत नाही. ही मिरासदारी आहे. कूळ राबते आणि खोत खंड खातो.

याला पर्याय नव्हता असे नाही. १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कॉवन आदी कृष्णवर्णीय कलावंतांनी माइलस्टोन ही स्वतःची संस्था उभारली. वितरण मोठ्या कंपनीकडे सोपविले, पण पात्रांचे हक्क स्वतःकडे राखले. काही वर्षांत बाजाराच्या मंदीत तिच्या मासिकांना गाशा गुंडाळावा लागला. परंतु दिशा तीच योग्य होती.

यावर कोणी म्हणेल, काळ्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखा नायक दिसला, हे काय थोडे झाले? थोडे मुळीच नाही. नटाला मिळालेले कामही थोडे नाही, आणि ते हिरावू पाहणाऱ्यांशी लढलेच पाहिजे. मात्र त्या मुलाने उद्या स्वतः एखादा नायक रेखाटला तर तो कोणाचा होईल, हा प्रश्न विचारल्यावाचून समाजवाद्यांनी टाळ्या वाजवू नयेत. कसेल त्याची जमीन, हे ज्यांना पटते, त्यांना रेखाटील त्याचे पात्र, हेही पटावयास हवे. तोवर पडद्यावरचे चेहरे बदलत राहतील, आणि दस्तऐवजावरचे नाव तेच राहील.