पंपाचे बिल शून्य झाले. घराच्या मीटरचे काय?

राज्य शासनाने ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी लागू केली. तेव्हापासून दर्यापूर असो की अकोट, 'आता लाइट फुकट' अशी भाषा कानावर येते. परंतु फुकट झाली ती विहिरीवरची वीज. घरचे मीटर पहिल्यासारखेच चालते, अन् एप्रिल-मे महिन्यात तर जरा जास्तच पळते.

बिल एकदम काहून वाढते, हे समजून घ्यावे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटला एक दर असतो. १०१ ते ३०० युनिटला त्याच्या जवळपास दुप्पट. वहन आकार धरून हा वरचा दर दहा रुपयांच्या पुढे जातो. त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. म्हणून आपण जे युनिट वाचवतो, ते नेहमी वरचे म्हणजे महागाचे युनिट असते. बचतीचे सारे गणित इथेच आहे.

एक साधे घर धरू. ७५ वॉटचे तीन पंखे रोज १२ तास चालले तर महिन्याला ८१ युनिट. २०० वॉटचा कूलर रोज १० तास, म्हणजे ६० युनिट. फ्रीजचे ३० आणि टीव्ही-दिव्यांचे १५ धरले तर बेरीज १८६ होते. यातले ८६ युनिट महाग दराचे.

आता उपाय पाहू. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. असा एक पंखा बदलला की महिन्याला १६ युनिट वाचतात, म्हणजे दीडशेहून अधिक रुपये. किमतीतला फरक हजार-दीड हजार धरला तरी सहा ते दहा महिन्यांच्या वापरात तो फिटतो. घेताना ताऱ्यांचे लेबल व त्यावरचे वर्ष पाहावे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचे आहे. असे दोन पंखे बदलले आणि पहाटेच्या गारव्यात कूलर दोन तास आधी बंद केला, तर ४४ युनिट कमी होतात. महागातले निम्मे गेले.

कूलर नेहमी खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. खोली बंद केली तर नुसती चिकचिक होते, गारवा येत नाही. स्लॅबवर किंवा टिनावर मार्चमध्येच पांढरा चुना मारला तर घर कमी तापते. आणि एक गोष्ट जिवाची: पाणी भरण्याआधी कूलरचा प्लग काढावाच. लोखंडी कूलरला अर्थिंग हवेच हवे. ओल्या हाताने लेकराला तिथे जाऊ देऊ नका.

हिवाळ्यात पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड रोज तासभर लावला तर महिन्याला ४५ युनिट जातात. त्यापेक्षा बंबात पऱ्हाटी जाळा. गुलाबी बोंडअळीला लपायला जागा देणारे पऱ्हाटीचे ढीगही त्यामुळे लवकर संपतील.

घरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट व त्यावर ७८ हजार रुपये अनुदान आहे. मात्र आधी वापर कमी करावा, मग किती किलोवॉट लागते ते ठरवावे. नाहीतर विनाकारण मोठा संच गळ्यात पडतो.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही खांबावरच्या दिव्यांकडे लक्ष द्यावे. २० वॉटचे ५० दिवे दिवसाचे १२ तास तसेच जळत राहिले तर रोज १२ युनिट, महिन्याला ३६० युनिट उन्हात जातात. सकाळी बटन बंद करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवली तरी हे थांबते.

दर रविवारी मीटरचे रीडिंग कॅलेंडरवर मांडून ठेवा. आठवड्याला पंचवीसच्या आसपास युनिट पडत असतील तर महिना शंभरीच्या जवळपास निघेल. त्यापेक्षा बरेच जास्त पडत असतील तर बिलाची वाट न पाहता त्याच आठवड्यात कूलर-पंख्याचा हिशेब करावा.