गुलमर्गचा बर्फ आणि इतवाऱ्यातली रजई

अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर गुलमर्गचे नाव निघाले तर ते सिनेमाच्या गाण्यापुरते, नाहीतर कुणाच्या मुलाच्या लग्नानंतरच्या सहलीपुरते. आमचे म्हणणे मात्र असे की, वऱ्हाडातल्या रजईवाल्याने, स्वेटरवाल्याने आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला प्रवासी नेणाऱ्या गाडीवाल्याने गुलमर्गच्या बर्फाची खबर कापसाच्या भावाइतकीच काळजीने ठेवली पाहिजे. हे वाचून काही बांधव हसतील. त्यांनी पुढचे वाचून मग हसावे.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा हा मोसम. याच दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, डोंगरावर साठतो आणि उन्हाळ्यात नद्यांना पाणी देतो. २०२४ च्या जानेवारीत हेच चाळीस दिवस जवळजवळ कोरडे गेले. जिथे कमरेइतका बर्फ असायचा त्या गुलमर्गच्या उतारांवर पिवळे, वाळलेले गवत दिसत होते. पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी, म्हणजे स्कीइंगसाठी, देशाबाहेरून आलेले लोक परत फिरले, हॉटेलांची आरक्षणे रद्द झाली. मोठ्या हॉटेलवाल्याचे एक वर्ष वाईट गेले, एवढेच. खरी उपासमार स्लेज ओढणाऱ्याची, घोडेवाल्याची, बूट आणि कोट भाड्याने देणाऱ्याची आणि स्की शिकवणाऱ्या पोरांची. यांची वर्षाची कमाई त्या थोड्या आठवड्यांवर उभी असते. बर्फ आला तो महिना संपता संपता, आणि म्हणून २१ ते २५ फेब्रुवारीला तिथे खेलो इंडियाचे हिवाळी सामने तरी होऊ शकले. पुढच्या वर्षी, २०२५ साली, तेवढेही जमले नाही. २२ फेब्रुवारीला ठरलेले सामने बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले आणि ते ९ ते १२ मार्चला उरकले.

आता याचा इतवाऱ्याशी संबंध काय? संबंध वाऱ्याचा आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात जे पावसाळी वारे येतात, ज्यांना हवामान खाते ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणते, ते काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांना अडून तिथे बर्फ टाकतात. हा विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून ते सातपुडा चढतात आणि मेळघाटातून वऱ्हाडात येतात. आपण ज्याला थंडीची लाट म्हणतो ती हीच. विक्षोभ अशक्त असले, नाहीतर आलेच नाहीत, तर वर बर्फ नाही आणि इकडे लाट नाही. त्यात बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा आला की रात्री ढग जमतात, जमिनीची ऊब वर जात नाही आणि पहाटेही अंगावर चादर पुरते. दरवर्षी हा हिशेब तंतोतंत जुळतो असे नाही. २०२४ च्या त्याच जानेवारीत गुलमर्ग कोरडे होते, पण दिल्ली-पंजाबची मैदाने धुक्याने कुडकुडत होती. तरीही रजईवाल्याने आकाशाकडे पाहण्याऐवजी उत्तरेची बातमी पाहावी, एवढे यातून नक्की निघते.

हवामान खात्याच्या नोंदी एकाच दिशेला बोट दाखवतात. २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या उष्णतेत देशाच्या तोवरच्या सर्व फेब्रुवारींपेक्षा वरचढ ठरला. २०२४ चा ऑक्टोबर १९०१ पासूनचा सर्वांत उबदार ऑक्टोबर निघाला आणि ते अख्खे वर्षच तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून नोंदले गेले. मग २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानात पुन्हा पहिला. म्हणजे हंगाम दोन्ही टोकांनी झिजतो आहे. दसऱ्याला दुकान सजवावे तर बाहेर ऊन, आणि संक्रांतीनंतर उरलेला माल काढावा तर पंखे सुरू. मधले जे पाच-सहा आठवडे उरतात त्यांवर सगळा गल्ला.

पण थंडी संपली असे समजणेही चूक. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. इतकी थंडी तिथल्या नोंदींत आधी नव्हती. अशी वर्षे पुढेही येतील. अडचण अशी की अशा एका वर्षाची विक्री डोक्यात धरून आपला दुकानदार पुढची चार वर्षे माल भरतो.

पिंजाऱ्याचा धंदा घ्या. वऱ्हाडातला पिंजारी, मग तो स्वतःला मन्सुरी म्हणवो की नद्दाफ, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आला. खांद्यावर पिंजण घेऊन तांतीचा टणटण आवाज करीत गल्लोगल्ली फिरणारा माणूस आता क्वचितच दिसतो. त्याच्या जागी पिंजाईचे मशीन आणि ‘गादी भांडार’ची पाटी आली. त्यात वाईट काही नाही, फुफ्फुसात जाणारे तूस थोडे तरी कमी झाले. पण मशीनबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे उधारीचा माल. पूर्वी गिऱ्हाईक घरचा कापूस आणून देई, पिंजारी मजुरी घेई. थंडी पडली तर चार रजया जास्त, नाही पडली तर चार कमी. बुडण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण माल गिऱ्हाइकाचा होता. आज तोच कारागीर सप्टेंबरात सरकी काढलेली रुई विकत घेतो, खोळीचे कापड उचलतो, शंभर रजया भरून ठेवतो आणि वर पानिपतचे मिंक ब्लँकेट, लुधियानाचे स्वेटर दलालाकडून उधार आणतो. थंडीची जोखीम जी पूर्वी घराघरांत विभागलेली होती, ती आता एकट्याच्या डोक्यावर आली. कोरड्या हिवाळ्यात स्लेज ओढणाऱ्या काश्मिरी मजुराची आणि याची गत सारखीच होते.

मिंक ब्लँकेटने रजई मारली, ही तक्रार आम्ही दहा वेळा ऐकली. आम्हाला ती अर्धीच पटते. पानिपतचे ब्लँकेट हलके आहे, धुता येते, पेटीत मावते आणि कमी थंडीत पुरते. थंडी कमी होत चालली असेल तर गिऱ्हाईक हलक्या पांघरुणाकडे जाणार, त्याच्यावर रागावून काय उपयोग? प्रश्न असा विचारला पाहिजे की तीन किलो कापसाची रजईच का? एक किलोची, बारीक टाके घातलेली दुलई का नाही? आमच्या घरांतल्या बायका जुन्या लुगड्यांच्या, ओढण्यांच्या गोधड्या शिवत आल्या, त्या वर्षभर पांघरल्या जातात. कूलरच्या वाऱ्यात पहाटे अंगावर घ्यायला ह्याच वस्तूची गरज असते, आणि कूलर आता वऱ्हाडात झोपडीतही आहे. हे कसब घरात असताना बाजारातून पॉलिस्टर आणून विकणे आम्हाला खटकते.

त्याहून मोठी गोष्ट उन्हाळ्याची. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. फोमच्या गादीवर त्या दिवसांत झोपून पाहावे, पाठीला घामाची चटई तयार होते. कापसाची गादी घाम शोषते, उन्हात टाकली की पुन्हा ताजी होते आणि चार-पाच वर्षांनी पिंजून नव्यासारखी करता येते. फोम फेकावाच लागतो. आपल्या मालाचा हा गुण आपणच दुकानाच्या पाटीवर लिहीत नाही. ‘जुनी गादी-रजई पिंजून मिळेल’ ही ओळ मोठ्या अक्षरात असायला हवी, कारण या कामात भांडवल गिऱ्हाइकाचे असते आणि त्याला थंडी लागत नाही. लग्नसराईतली गादी-रजई आहेच. अकोटच्या सतरंज्यांचे नाव इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरपर्यंत पोहोचले होते. तेही हिवाळ्याच्या जोरावर नव्हे.

आता डोंगराकडे वळू. आपले गुलमर्ग म्हणजे चिखलदरा. उंची अकराशे मीटरच्या आसपास, विदर्भात कॉफी पिकते ती इथेच, आणि शेजारी गाविलगडाचा किल्ला. अहमदशाह वली बहमनीने १४२५ मध्ये बांधलेला हा किल्ला पुढे इमादशाहीच्या ताब्यात आला आणि डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीने भोसल्यांकडून घेतला. थंडीच्या एखाद्या वर्षी इथे गवतावरचे दव गोठल्याच्या बातम्या येतात आणि पुढच्याच रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. बातमी नाही तर रांग नाही. भुट्टेवाला, चहावाला, घोडेवाला, खोली देणारा, सगळे त्या एका बातमीची वाट पाहत बसतात. आणि गर्दी झाली की दोन दिवसांत दोन महिन्यांची कसर काढायची म्हणून खोलीचा भाव तिप्पट. असला भाव एकदा मोजणारे कुटुंब पुन्हा चार वर्षे तिकडे फिरकत नाही, हे कुणी सांगायला हवे का?

चिखलदऱ्याचा खरा हंगाम पावसाळा आहे. जुलै ते सप्टेंबर पंचबोलची दरी धुक्याने भरते, भीमकुंडाचे धबधबे कोसळतात, आणि थंडी कमी पडली म्हणून ते थांबत नाहीत. सिडकोने हाती घेतलेल्या ४०७ मीटरच्या काचेच्या स्कायवॉकची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. आमच्या मते त्याच्या भरवशावर बसणे म्हणजे आणखी एका बर्फाची वाट पाहणे होय. त्यापेक्षा परतवाडा आणि अमरावतीच्या गाडीवाल्यांनी एकत्र येऊन ठरावीक भाड्यात दिवसाची सहल द्यावी, सकाळी निघून संध्याकाळी परत, बायका-मुलांना उतरायला आणि हात-तोंड धुवायला स्वच्छ जागा आधी ठरवलेली. शाळांच्या सहली त्यांनाच मिळतील. अकोल्याच्या मंडळींना तर चिखलदऱ्यापर्यंत जायचीही गरज नाही. अकोटच्या उत्तरेला शहानूरवरून नरनाळा आहे. त्याच्या महाकाली दरवाजावरचे कोरीव अक्षर पाहिले की आपल्याकडच्या जुन्या दगडकामाचा दर्जा कळतो, आणि वर नऊगजी तोफ आहे. तिथे जाणाऱ्याला प्यायला गार पाणी आणि घरचा डबा एवढे जरी कुणी नीट दिले तरी धंदा होईल. जंगल व्याघ्र प्रकल्पाचे आहे, तेव्हा वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतील आणि प्लास्टिक खाली आणावे लागेल. ती कटकट नव्हे, ती त्या धंद्याची किंमत आहे.

काश्मिरी व्यापाऱ्यांनी हे ओळखले. श्रीनगरच्या दल सरोवराकाठी २००७ साली ट्यूलिपची बाग लोकांसाठी उघडली, ती याच विचाराने की मार्च-एप्रिलमध्येही प्रवासी यावा. त्यांची तीही घडी २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्याने विस्कटली, निरपराध माणसे गेली आणि बहरातला हंगाम रिकामा झाला. पण ज्यांच्याकडे बर्फाचा, बहराचा आणि शाल-अक्रोडाचा असे तीन हात होते ते कसेबसे तगले असतील, एकाच हातावाल्याचे काय झाले असेल याचा अंदाज आपण करू शकतो. श्रीमंत देशांची गोष्ट वेगळी. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला त्यांनी जवळजवळ सगळा बर्फ यंत्रांनी बनवला. इतवाऱ्यात थंडी बनवण्याचे यंत्र कुणी बसवणार नाही.

एक हिशेब मात्र आपल्या बाजूने येतो आहे, आणि तो पंचांगाचा नव्हे, चांद्र वर्षाचा आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस येईल, आणि २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, चंद्रदर्शनाप्रमाणे एक दिवस इकडे-तिकडे. १९९७ च्या सुमारास असेच झाले होते, तेव्हाच्या दुकानदारांना आठवत असेल. म्हणजे येती काही वर्षे ईदची खरेदी आणि हिवाळ्याचा बाजार एकमेकांवर येणार. सहेरीला उठणाऱ्याला पहाटे पातळ दुलई, अंगावर घ्यायला शाल, मशिदीत अंथरायला सतरंजी, ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरांना डोंगरावर नेणारी गाडी, ही मागणी थंडी किती पडते त्यावर फारशी अवलंबून नाही. पानिपतच्या दलालाशी बोलणी करायची असतील तर ती आताच करावीत. अर्धा माल रोखीने कमी भावात घ्यावा, उरलेला विकला नाही तर परत घेण्याच्या बोलीवर घ्यावा, आणि ती बोली तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्यावी.