मालावरचा माणूस

जबलपूरला पोस्टिंग झालेल्या प्रत्येकाला व्हीएफजे ठाऊक असते. १९६९ साली सुरू झालेला हा गाड्यांचा कारखाना. ज्या स्टॅलियनमध्ये बसून आपण अर्धा देश पाहिला, त्या इथल्याच. याच शहरातून मंडल्याकडे निघून चिल्पी घाट ओलांडला की कवर्धा येते. तिकडे बाहपानी गावाजवळ २० मे २०२४ ला तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप रस्त्याखाली कोसळली. १९ जण गेले, बहुतेक बायका. आपल्या जळगाव जिल्ह्यात किनगावजवळ १५ फेब्रुवारी २०२१ ला पपईचा ट्रक उलटला, त्यातले १५ मजूर गेले.

अशा प्रत्येक बातमीत एक वाक्य ठरलेले असते: चालकाचे नियंत्रण सुटले.

मला या वाक्याचा राग येतो. नियंत्रण वळणावर सुटत नाही, गाडी भरतानाच सुटते. आधी माल, मालावर माणसे. वजन उंच गेले की गाडी आडवी व्हायला एक खड्डा पुरतो. एमटीच्या नव्या पोरालाही हे कळते. मग मजुरांना वर चढवले कोणी? वेगळ्या गाडीचे भाडे वाचवले कोणी? ते सहसा कोणी विचारत नाही.

फौजेत गाडी उलटली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. २४ डिसेंबर २०२४ ला पूंछमध्ये ११ मराठाची गाडी दरीत गेली, ६ जवान गेले. त्यांना कोणी 'प्रवासी' म्हटले नाही. जखमी जवानाची इजा ड्युटीवरची होती का, हे कागदावर ठरते आणि त्यावर त्याची पेन्शन उभी राहते.

मजुराकडे तो कागदच नाही. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे १९२३ पासून कायद्यात आहे. पण मजुरी रोख, नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. मग तो ठरतो मालगाडीतला फुकट प्रवासी, आणि अशा प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी खटल्यातला निकाल आहे. दिवसभर घाम गाळणारा माणूस रात्री फुकट्या कसा होतो? मेलेल्यांसाठी निदान मदत जाहीर होते. कंबर मोडून खाटेवर पडलेल्याला कोण विचारतो?

माजी सैनिक बांधवांनो, आपल्यातले पुष्कळजण निवृत्तीनंतर ट्रक घेतात, ट्रान्सपोर्टवर सुपरवायझर होतात. आपल्या गाडीत मालावर मजूर चढला तर त्याला खाली उतरवा, त्याच्यासाठी दुसरी गाडी करा. कामावरच्या प्रत्येकाचे नाव, तारीख, मजुरी वहीत लिहा. मुकादम कुरकुर करेल. करू दे.