वाजवणाऱ्याचे मनगट

तुळशीचे लग्न लागले की रेणापूर, लातूर, अंबाजोगाई या पट्ट्यातील बँडपथकांच्या वह्या सुपाऱ्यांनी भरू लागतात. लग्नाची वरात असो, दीक्षार्थीचा वरघोडा असो वा महावीर जयंतीची मिरवणूक असो, गाण्याची चाल पुढे नेण्याचे काम बहुधा क्लॅरिनेटकडे असते. ताल ढोल-ताशे सांभाळतात. परंतु गाण्याचे शब्द श्रोत्याच्या मनात जागे होतात ते क्लॅरिनेटच्या सुरांनी. मास्टर इब्राहिम यांनी वाजवलेली चित्रपटगीते तबकड्यांच्या काळात याच वाद्यामुळे घरोघरी पोहोचली. मात्र हे वाद्य हाती धरणाऱ्याच्या मनगटावर किती भार पडतो, याचा विचार बिदागी ठरवताना सहसा होत नाही.

क्लॅरिनेटचे वजन सुमारे पाऊण किलो. तराजूत ते किरकोळ वाटेल. पण त्याचा मुख्य आधार उजवा अंगठा असतो. वाद्याच्या मागील बाजूस धातूचा एक छोटा टेकू असतो, त्याखाली अंगठा रोवून वाद्य पेलायचे आणि उरलेल्या नऊ बोटांनी छिद्रे व चाव्या हाताळायच्या, अशी ही रचना आहे. बैठकीत वाजवणारा मधूनमधून वाद्य मांडीवर टेकवू शकतो. वरातीत चालणाऱ्याला ती सोय नाही. दोन-तीन तास तो भार एकाच अंगठ्यावर राहतो.

अंगठा हलवणाऱ्या दोन स्नायुरज्जू मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. सतत ताण पडला की ते आवरण जाड होते आणि रज्जू त्यात घासू लागतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्वां यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवले असता अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ येते, ही त्याची खूण. दुसरा विकार मनगटाच्या मधोमध होतो. तेथील बोगद्यासारख्या अरुंद जागेतून नऊ रज्जू आणि एक मज्जातंतू जातो. त्या मज्जातंतूवर दाब आला की अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते आणि रात्री मुंग्यांमुळे झोपमोड होते. पहिल्यात वेदना मुख्य, दुसऱ्यात बधिरता मुख्य. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

मराठवाड्यातील वादकांच्या बाबतीत आणखी एक कारण लक्षात घेण्यासारखे आहे. चातुर्मासात लग्ने नसतात. गणेशोत्सव, नवरात्रातील थोडी कामे सोडली तर हात मोकळा असतो. काही जण त्या काळात शेतमजुरीस किंवा आडतीवर हमालीस जातात. मग कार्तिकात अचानक रोजचे चार-पाच तास वादन सुरू होते. स्नायू आणि रज्जू हळूहळू वाढवलेला भार सोसतात, एकाएकी आलेला सोसत नाहीत. म्हणून जाणकार वादकाने दसऱ्यापासूनच रोज पंधरा मिनिटांनी सुरुवात करून सराव क्रमाने वाढवावा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातील पुष्कळशी दुखणी एवढ्यानेच टळू शकतात.

दुखण्याकडे दुर्लक्ष करून वाजवत राहिल्यास काय होऊ शकते, हे अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या जीवनातून दिसते. १९६४ च्या सुमारास, ऐन पस्तिशीत, त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आपोआप आत वळू लागली. त्यांनी अधिक सराव करून त्यावर मात करण्याचा प्रयत्न केला आणि विकार बळावला. पुढील तीन दशके त्यांनी अध्यापन केले, वाद्यवृंदाचे संचालन केले, केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजवले. दोन्ही हातांनी ते पुन्हा वाजवू लागले ते १९९० च्या दशकात. याउलट सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरील हाडाशी जोडलेले असतात. तेथील दुखण्यामुळे २००४ मध्ये त्यांना अनेक सामने सोडावे लागले आणि मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला त्यांनी एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा केल्या. वेळेवर थांबणे म्हणजे खेळ संपणे नव्हे. मात्र तेंडुलकरांना थांबणे परवडत होते. रेणापूरच्या वादकाला ते परवडेल कसे, हा खरा प्रश्न आहे.

काही उपाय अल्प खर्चाचे आहेत. गळ्यात अडकवायचा पट्टा टेकूच्या कडीला जोडला की अंगठ्यावरील बराचसा भार मान व खांद्यांवर जातो. टेकूवर रबराची मऊ गादी बसवावी. चाव्यांखालील गाद्या झिजून हवा गळू लागली की वादक नकळत बोटे अधिक दाबतो. म्हणून हंगामापूर्वी वाद्याची दुरुस्ती करून घ्यावी. वाजवताना मनगट शक्य तितके सरळ ठेवावे. दर अर्ध्या तासाने पाच-दहा मिनिटे हात मोकळा सोडावा. दुखू लागल्यास विश्रांती, अंगठ्यासह मनगटाला आधार देणारा पट्टा आणि शेक यांनी प्रारंभीच्या अवस्थेत आराम पडतो. वेदनाशामक गोळी घेऊन वरात गाठणे मात्र महागात पडते. गोळीने वेदना दबते, इजा थांबत नाही. शिवाय अशा गोळ्या वारंवार घेतल्यास जठर व मूत्रपिंडास अपाय होतो.

रात्री उशिरा दुचाकीवरून परतताना पडून तळहातावर भार आला, तर अधिक दक्षता हवी. अंगठ्याच्या मुळाशी असलेले छोटे हाड मोडले तरी पहिल्या क्ष-किरण चित्रात ते कधी कधी दिसत नाही. अंगठ्याखालच्या खळग्यात दुखत राहिल्यास दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे उपचार लांबले तर ते जुळत नाही. तोवर मनगट चोळून वा ओढून घेऊ नये.

आता हिशेबाचा भाग. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बचत खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. अपघाती मृत्यूस २ लाख आणि एक हात कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वयाच्या प्रत्येक वादकाने हा विमा घ्यावा. तथापि हळूहळू झिजणाऱ्या मनगटाला त्यातून काही मिळत नाही, कारण तो अपघात नव्हे. त्यातच अनेक वादक पथकाच्या मालकाकडून हंगामापूर्वी उचल घेतात. उचल फिटेपर्यंत ‘आज हात दुखतो’ असे म्हणण्याची त्यांना सोय राहत नाही.

तेव्हा विश्रांतीचा खर्च कोणीतरी आधीच धरला पाहिजे, आणि तो सुपारी देणारे घर धरू शकते. दुकानात घट, वाहतूक, हमाली हे सारे मालाच्या किमतीत धरले जाते. तसेच बँड ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात: वादनाचे तास किती, मध्ये थांबे कोठे, आणि क्लॅरिनेटवादक एक की दोन. दोघे असले तर आळीपाळीने वाजवतात. दुसऱ्याची बिदागी मंडप आणि रोषणाईच्या खर्चापुढे नगण्य ठरते. ठरलेली वेळ संपल्यावर ‘अजून एक गाणे’ असा आग्रह होऊ नये, याची जबाबदारी घरातील एका वडीलधाऱ्याने घ्यावी. थांब्याच्या ठिकाणी पाणी आणि टेकायला चार खुर्च्या असाव्यात. बिदागी त्याच रात्री चुकती करावी.